चार तासांचे मास्तर

मास्तरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, स्क्रूड्रायव्हर असायचा. पँटच्या खिशात रुमालाची पुरचुंडी, तिच्यात एक लोखंडी कडी आणि चार-सहा स्क्रू. मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला याचं काय काम, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. ते चौथ्या दिवशी कळलं. कोल्हारच्या रस्त्यावर एका चहाच्या हॉटेलासमोर त्यांनी मला गाडी उभी करायला लावली, मागच्या बाजूच्या संडासात जाऊन आले, ते मालकाला हाका मारतच.

"शेठ, तुमच्या संडासाला कडी न्हाई."

"न्हाई तर न्हाई. तिथं कोन चोरी करायला येतंय?"

"चोरी करायला न्हाई, बसायला येत्यात मानसं. एका हातानं दार धरायचं आन दुसऱ्या हातानं काय काय करायचं मानसानं?"

मालकाचं उत्तर यायच्या आत मास्तरांनी कडी काढून दाराला लावून बघितलीसुद्धा. मालक गल्ल्यावरून उठून आला. "ओ मास्तर, दार माझं हाय!"

"दार तुमचं, कडी माझी. नको असली तर दार काढून घ्या," मास्तर म्हणाले आणि स्क्रू पिळत राहिले.

अशा किती कड्या त्यांनी बेलापूरपासून नेवाशापर्यंत बसवल्या असतील, देव जाणे. रस्त्यावरचा प्रत्येक संडास त्यांना तोंडपाठ होता. गाडी चालवता चालवता माहिती मिळायची. "ह्या पंपावर पानी हाय, कडी न्हाई. पुढच्या हाटेलात कडी हाय, उजेड न्हाई. आन त्या मंगल कार्यालयात सगळं हाय, पन कुलूप घालत्यात. जसं काय आत सोनं ठेवलंय."

मास्तर साठीच्या पुढचे, उंच, काटकुळे. एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊनही खाकी शर्ट सुटला नव्हता. रविवारी चर्चला जाताना तेवढा पांढराशुभ्र शर्ट आणि चकचकीत बूट. श्रीरामपुरात एका खोलीत त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल, आणि गाडी एकच. तिचा मागचा डावा दरवाजा आतून उघडायचा नाही, म्हणून आम्ही शिकणाऱ्या बायका खिडकीतून हात बाहेर घालून तो उघडायचो. त्यांच्या बायकोला सगळं गाव सिस्टर म्हणायचं. त्या नर्स होत्या.

शिकवायची तऱ्हा वेगळीच. पहिल्या दिवशी स्टिअरिंग नाही, गिअर नाही. मला एका मोकळ्या माळावर नेलं आणि म्हणाले, "हॉर्न वाजवा."

मी हळूच दाबला.

"ह्यो काय हॉर्न हाय का पाहुन्यांसमोरची शिंक? जोरात वाजवा!"

"कोणी नाही इथं, मास्तर. कशाला उगीच?"

"कोनी न्हाई म्हनूनच. गावाकडच्या बायांचा हातच धजत न्हाई हॉर्नवर. समोरचा अंगावर आला तरी तुमी गप. आपन येतोय हे सांगायला लाज कसली?"

अर्धा तास मी त्या माळावर हॉर्न वाजवत होते. शेळ्या पळाल्या. शेवटी शेवटी मला हसू येऊ लागलं. किती दिवसांनी आलं होतं ते माझं मला माहीत.

त्यांच्या बटणाच्या मोबाईलमध्ये कोंबडा आरवायचा. सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला, पुन्हा सहाला, रात्री दहाला. माझा तास साडेनऊचा, त्यामुळे दहाचा कोंबडा रोज माझ्याच वाट्याला. तो आरवला की मास्तर वाक्य अर्धवट सोडून म्हणायचे, "ताई, गाडी साइडला." मागच्या सीटवरचा स्टीलचा डबा उचलायचे आणि चालू लागायचे. त्या डब्याला कोणी हात लावायचा नाही. माझ्याबरोबर शिकणारी एक बाई म्हणाली, "डब्यात बाटली असते गं. दहा मिनिटांत परत येतो तेव्हा बघ, तोंड कसं हलकं झालेलं असतं."

मलाही ते खरं वाटलं. पण त्यांच्या तोंडाला वास कधी आला नाही. आणि वासाच्या बाबतीत माझं नाक त्या दिवसांत फार तिखट झालं होतं.

आमचे हे फॅब्रिकेशनचं काम करतात. बेलापुरात वेल्डिंगचं दुकान. एका शेडचे पत्रे बसवताना हे वरून पाठीवर पडले. ऑपरेशन झालं, वर्षभरात वॉकर धरून घरात फिरायला लागले. पाय निम्मे का होईना परत आले, पण लघवीवरचा ताबा आला नाही. मणक्यातल्या ज्या शिरा मूत्राशय भरल्याचं सांगतात, त्याच दुखावल्या होत्या. भरलेलं कळायचं नाही, मोकळं करता यायचं नाही, आणि भरून वाहू लागलं की थांबवता यायचं नाही. म्हणून कायमची नळी घातलेली, नळीला पिशवी, आणि पिशवी कॉटच्या पायाला बांधलेली. मधूनमधून थंडी वाजून ताप भरायचा, की पळा दवाखान्यात.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही नळी काढता येईल, पण दर चार तासांनी बारीक नळी स्वतःच्या हातानं घालून मोकळं व्हायला शिकावं लागेल. दवाखान्यात एकानं घाईघाईत दाखवलं, रक्त आलं, आणि ह्यांनी पुन्हा हात लावला नाही. त्या नळ्यांची पाकिटं आमच्या कपाटात साड्यांच्या मागं पडून होती.

दवाखाना सोडला तर दोन वर्षं हे उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. नेवाशाला सख्ख्या भाचीचं लग्न झालं, तेव्हा हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले आणि मी फोनवर "ताप आहे" म्हणून सांगितलं. कोणाला काही सांगायची मला बंदी होती. माहेरीसुद्धा फक्त "पाठ दुखते".

दुकानाची व्हॅन लिंबाखाली उभी. दवाखान्यात न्यायचं तर दरवेळी कोणाला तरी गाडी घेऊन बोलवायचं. एकदा त्या माणसानं ह्यांना बसवायच्या आधी सीटवर प्लास्टिक अंथरलं. वाईट मनाचा नव्हता तो, बिचाऱ्याची नवी गाडी होती. पण ह्यांनी ते पाहिलं, आणि हे पाहतायत हे मी पाहिलं. त्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

उसाचा हंगाम होता. त्या दिवशी बेलापूरच्या पुढं उसानं भरलेला ट्रॅक्टर उलटला आणि आम्ही अडकलो. पुढं गाड्या, मागं गाड्या. दहाचा कोंबडा आरवला. मास्तरांनी बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंचा ऊस तुटलेला, आडोसा म्हणून एक झुडूप नाही, जिकडंतिकडं ऊसतोडीची माणसं. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. एरवी ज्यांचं तोंड मिटत नाही ते मास्तर नुसते मोबाईल काढून बघत होते. अकराच्या सुमाराला त्यांनी खाली बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "झालं."

खाकी पँट भिजत चालली होती.

मी नजर काढून घेतली. ते मात्र कोणाला वेळ सांगावी तसे म्हणाले, "ताई, तो डबा द्या. आन खाली उतरून खिडकीला पाठ लावून उभ्या राहा. घाबरायचं काम न्हाई, रोजचंच हाय."

त्यांनी डबा उघडला. साबणाची वडी, मलमाची ट्यूब आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली बारीक नळी. मी ती ओळखली. खाली उतरले, ओढणी खिडकीवर पसरून धरली आणि उभी राहिले. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई जवळ येऊन म्हणाली, "काय झालं वं, ताई?"

"मास्तर कपडे बदलतायत," मी म्हणाले. ती मान हलवून गेली. जगाला तेवढं उत्तर पुरलं.

वाट मोकळी झाल्यावर गाडी मीच चालवली. कालव्याच्या पुलावर आले आणि म्हणाले, "मास्तर, अशी नळी आमच्या कपाटात पण आहे."

"कोनाची?"

दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, कारण मी कोणाला काही सांगितलंच नव्हतं. मला रडू फुटलं. मास्तर म्हणाले, "आधी क्लच दाबा, मग ब्रेक. मग रडा."

पण मास्तर म्हणजे नुसते शहाणे नव्हते. त्यांची जीभ फार मोठी होती. दुसऱ्याच दिवशी, मला न विचारता, ते आमच्या दारात हजर. हे आत कॉटवर. मास्तरांनी अंगणातूनच आवाज दिला, "साहेब हायत का? लघवीच्या तकरारीचं बोलायला आलोय! आवो मलाबी तेच हाय, लाजताय कशाला?"

शेजारची जाऊबाई कपडे वाळत घालत होती. तिचा हात दोरीवरच थांबला.

आतून ह्यांचा आवाज आला, "कोण आहे? त्याला जायला सांग." मग मला, अगदी हळू, "तू सांगितलंस?"

त्यानंतर सहा दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर नाही. रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही गाडी शिकायला जायचं बंद केलं. मास्तरांचा फोन यायचा, मी उचलायची नाही. कोणाला तरी सांगितल्यावर जे हलकं वाटलं होतं, त्याच्या दुप्पट ओझं घेऊन मी मशीनवर ब्लाउज शिवत बसायची.

सातव्या दिवशी दुपारी पावणेदोनच्या सुमाराला फाटक वाजलं. मास्तर आणि सिस्टर. मास्तर आज पांढऱ्या शर्टात. रविवार नव्हता. आवाज न करता आत आले आणि ह्यांच्या कॉटजवळ खुर्ची घेऊन बसले. हे भिंतीकडं वळले.

"मी चुकलो, साहेब," मास्तर हळू बोलत होते. इतकं हळू त्यांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "मी का मोठ्यानं बोलतो तेवढं सांगतो आन जातो. एसटीचा टायर बदलताना माझ्या कमरेत कट्‌कन आवाज झाला. दुसऱ्या दिवशी बसायची जागा बधिर. लघवी उतरंना. पोट नगाऱ्यागत. डेपोत सांगायची लाज वाटली. ही बायको नर्स, हिला सांगायचीसुदिक लाज वाटली. दीड दिवस तसाच गाडी चालवत हुतो. ऑपरेशन झालं तवा डॉक्टर म्हनला, लवकर आला असता तर कदाचित वाचलं असतं. दीड दिवस लाजलो, अकरा वर्षं भोगतोय. तवापास्नं ठरवलं, आपन मोठ्यानं बोलायचं."

ते थांबले. मग म्हणाले, "पन ती माझी गोष्ट. मोठ्यानं बोलायची का न्हाई ते मी ठरवनार. तुमची गोष्ट तुमची हाय. ती मी अंगनात नेली. माफ करा. आन ताईंवर राग धरू नका. त्या माझ्यापाशी हौसेनं बोलल्या न्हाईत, रडत बोलल्या."

ह्यांनी मग भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं, "अकरा वर्षं?"

"अकरा."

"रोज?"

"दिसातनं पाच डाव. तुमी वेल्डिंगवाले ना? गाडीची टाकी शाबूत हाय, नुसता काटा बिघडलाय. तेवढ्यावरनं गाडी भंगारात घालतंय का कोनी? किलोमीटर मोजायचे आन वेळेवर पंपावर जायचं. मी घड्याळ बघतो, दुसरं काय."

हे वळले. मास्तरांकडं नीट बघितलं. "दुखतं?"

"पैल्यांदा भ्या वाटतं. भ्या वाटलं की सगळं आवळून धरतो आपन, म्हनून दुखतं."

तेवढ्यात दोनचा कोंबडा आरवला. मास्तर उठले, डबा घेतला. "माझी वेळ झाली. तुमचं बाथरूम वापरतो." दोन पावलं जाऊन थांबले. "बघायचं आसल तर या. न्हाई तर न्हाई. मी दार लोटून ठेवतो, कडी घालत न्हाई."

ते आत गेले. नळाचं पाणी वाजू लागलं. हे कॉटवर बसून राहिले. मी सिस्टरकडं बघितलं, त्यांनी डोळ्यांनीच "गप" म्हणून सांगितलं. मग ह्यांनी वॉकर ओढला, पिशवी हातात घेतली आणि एकेक पाऊल टाकत बाथरूमकडं गेले. दार उघडलं, मिटलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सिस्टर आणि मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माझे कान बाथरूमकडं, दाण्यांपेक्षा टरफलंच जास्त ताटात पडत होती. सिस्टर म्हणाल्या, "मी ह्यांना पहिल्यांदा शिकवलं ना, तेव्हा हा माणूस चक्कर येऊन माझ्या अंगावर पडला. एसटीचा ड्रायव्हर! घाट उतरताना घाबरला नाही कधी."

आणि मग आतून हसण्याचा आवाज आला. आधी मास्तरांचा, मग दुसरा. दुसरा ओळखायला मला क्षणभर लागला. आत काय बोलणं झालं, कशावर हसले, ते मी ह्यांना आजतागायत विचारलेलं नाही.

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. डॉक्टरांना विचारून कायमची नळी काढली. सिस्टर आठ दिवस रोज यायच्या, हात धुण्यापासून सगळं स्वतः बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप आला, नळी आणि पिशवी परत लावावी लागली, आणि ह्यांनी नळीचा डबा अंगणात फेकून दिला. मास्तर आले, डबा उचलला, धुतला, खिडकीत ठेवला आणि "बरं" एवढंच म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते वेल्डिंगची चौकशी करायला. त्यांच्या गाडीचा तो डावा दरवाजा दुरुस्त करून पाहिजे होता. ह्यांनी कॉटवर बसल्या बसल्या सांगितलं कुठं काय करायचं ते. मास्तरांनी मुद्दाम सगळं चुकीचं केलं. चौथ्या वेळी हे वैतागून म्हणाले, "द्या इकडं, मी येतो." आणि वॉकर घेऊन अंगणात आले. दोन वर्षांनी त्यांच्या अंगावर ऊन पडलं.

दरवाजा दुरुस्त झाला. ताप उतरल्यावर ह्यांनी खिडकीतला डबा स्वतःहून उचलला. पुढं दुकान सकाळचे दोन तास उघडू लागलं, मग चार तास. चारच, कारण मग घरी यायचं. कधी गळायचं, कधी वेळ चुकायची, जादा पँट दुकानात खुंटीला असायची. आमच्या घरात त्यावर बोलणं सुरू झालं हेच नवीन होतं. "आज दहाचं राहिलं गं," असं हे म्हणायचे, जसं कोणी चहा राहिला म्हणतं.

माझे तास पुन्हा सुरू झाले होतेच; लायसन मिळालं त्याच महिन्यात नेवाशाहून निरोप आला. भाचीला मुलगी झाली होती, बारसं होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "गाडी तू चालवणार?"

व्हॅन मीच चालवली. मास्तर मागच्या सीटवर, आमंत्रण नसताना आलेले. "नव्या लायसनवाल्या बाईच्या गाडीत प्रार्थना करायला कोनी तरी पाहिजे," असं म्हणून बसले होते. नेवाशापर्यंत त्यांनी मला अकरा वेळा गिअर बदलायला सांगितलं.

नणंदेचं नवं घर माणसांनी भरलेलं. दोन वर्षांनी भावाला दारात बघून नणंद रडली, मग पाळण्यापाशी नेलं. हे खुर्चीवर बसले, मुलीला मांडीवर घेतलं. मी मात्र घड्याळच बघत होते. दोन वाजत आले. आता काय करतील, उठतील का, लोकांसमोर अवघडतील का. तेवढ्यात ह्यांनी मुलगी भाचीकडं दिली आणि सगळ्यांच्या देखत बहिणीला विचारलं, "अक्का, तुमचं बाथरूम कुठाय? मला वेळ लागतो थोडा."

"हे काय, मागं. डाव्या हाताला," नणंद म्हणाली आणि पेढे वाटत राहिली. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी मास्तरांकडं बघितलं. ते पत्रावळीतल्या लाडवाकडं बघत होते, आणि डोळे पुसत होते.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. हृदयाचा झटका आला, फार वेळ लागला नाही. सिस्टरांचा फोन आला तेव्हा हे दुकानात होते. वेल्डिंगची काच डोळ्यांवर तशीच, हातमोजे तसेच, मी सांगितलं तसे उठून दाराशी आले. मग म्हणाले, "काढ गाडी."

दफनभूमीत पोचलो तोवर प्रार्थना संपत आली होती. चर्चची माणसं, डेपोतले जुने ड्रायव्हर, गाडी शिकलेल्या कितीतरी बायका. सिस्टर ताठ उभ्या होत्या. ह्यांनी वॉकर बाजूला ठेवला, माझा खांदा धरला, वाकले आणि मूठभर माती टाकली.

परत निघालो तेव्हा भिंतीच्या कडेला एक तिशीचा मुलगा दिसला. दोन्ही पायांना मांडीपर्यंत कॅलिपर, काखेत कुबड्या. एकटाच. ऊन तापलं होतं, तरी तो हलला नव्हता. हे त्याच्यापाशी थांबले.

"कुठून आलात?"

"राहुरीच्या पलीकडनं. दोन गाड्या बदलून आलो."

"मास्तरांना कसे ओळखता?"

तो जरा घुटमळला. इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाला, "गाडी शिकलो त्यांच्याकडं."

ह्यांनी त्याच्या पायांकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. "मी पण," म्हणाले.

तो मुलगा रडता रडता हसला. हे मला म्हणाले, "ह्यांना राहुरीला सोडायचंय." मी पुढं होऊन व्हॅनचं मागचं दार उघडलं. ते दोघं मागून सावकाश येत होते, एक कुबड्यांवर, एक वॉकरवर, आणि एकमेकांशी हळू आवाजात काही बोलत होते.